घट बसवायचाय, पण विश्वास ठरवून आणता येतो का?

मांजराकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही केज तालुक्यातले. कुलदैवत तुळजापूरची भवानी. सासूबाई आराधी होत्या, गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन पाच घरं जोगवा मागायच्या. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. मागच्या नवरात्रात वर्ष पूर्ण झालेलं नव्हतं म्हणून घट चुलत सासूबाईंकडं बसले. यंदा थोरली सून म्हणून ते माझ्याकडं आलेत. परडी, माळ, देवीचा टाक, सगळं एका लाल फडक्यात बांधून त्यांनी पितृपक्षाच्या आधीच आणून दिलं.

अडचण अशी आहे की माझा विश्वास नाही. म्हणजे मी काही कुणाशी वाद घालणारी नाही, देव नाहीच असं छातीठोकपणे सांगणारीही नाही. पण आत काही लागत नाही. तुळजापुरात सासूबाईंसोबत रांगेत कितीतरी वेळा उभी राहिलेय. गाभारा जवळ आला की त्यांच्या डोळ्यातून घळाघळा पाणी यायचं, ओठ थरथरायचे, आणि मी शेजारी हात जोडून उभी, डोक्यात काय तर चपला कुठं काढल्या आणि शेवटची एसटी किती वाजता आहे. मला तेव्हा फार अपराध्यासारखं वाटायचं.

प्रयत्न केले नाहीत असं नाही. अकरा मंगळवार धरले. एका कोजागिरीला सोलापूरहून चालत गेले, पायाला फोड आले, सोबतच्या बाया गाणी म्हणत होत्या, मला त्यांची सोबत खूप आवडली, खरंच आवडली, पण देवी काही भेटली नाही. घरी आल्यावर उशीत तोंड खुपसून रडले होते की बाई माझ्यातच काही कमी आहे का.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, श्रद्धा ज्याची त्याची, मी तुला जबरदस्ती करत नाही, पण घट बसायलाच पाहिजे. आणि पुढं म्हणतो, तू मनात आण ना, ठरव एकदा, येईल विश्वास.

माझा प्रश्न एवढाच. विश्वास ही ठरवायची गोष्ट आहे का? तुमच्यापैकी कुणी ठरवून विश्वास ठेवलाय का, किंवा ठरवून सोडलाय का? मनापासून सांगा.

गोदातीर
ताई, रामकृष्ण हरी. मी गंगाखेडचा, जनाबाईच्या गावचा, घरात तीन पिढ्यांची माळ आहे त्यामुळं माझं बोलणं एका बाजूचं वाटंल, तरी सांगतो.

विश्वास ठरवून येत नाही हे तुमचं खरं. पण सवयीनं येतो. लहानपणी गोदावरीत पोहायला शिकताना आज्ज्यानं पाठीला वाळलेला भोपळा बांधला आणि दिलं ढकलून. पाणी मला धरून ठेवील असा विश्वास आधी आला आणि मग मी पोहलो असं झालं नाही. हातपाय मारत राहिलो, नाकातोंडात पाणी गेलं, आणि एक दिवस बघतो तर भोपळा सुटून मागं राहिलाय आणि मी तरंगतोय. नामस्मरणाचं तसंच आहे. भाव नसला तरी नाम घ्या, भाव मागून येतो. घट बसवा. नऊ दिवस दिवा सांभाळा. बाकी तिच्यावर सोडा.

तर्कवाडी
ताई, अजिबात बसवू नका. तुम्हाला जे वाटत नाही ते करून दाखवणं म्हणजे स्वतःशी खोटं बोलणं आहे. आज घट, उद्या परडी, परवा तुमच्या मुलीच्या गळ्यात माळ. कुठंतरी थांबवावं लागतं आणि ते थांबवायला कुणीतरी पहिलं लागतं. गोदातीर, भोपळ्याचं उदाहरण चांगलंय, पण नदी दिसते हो. पाणी आहे का नाही यावर वाद नव्हता. इथं वाद त्याच्यावरच आहे.

तरवड
मुख्य प्रश्नाचं मला कळत नाही, पण ताई, पहिली माळ कशाची करता तुमच्याकडं? आमच्याकडं विड्याच्या पानांची असते.

मांजराकाठची
तरवड, आमच्याकडंही पहिली पानांचीच. मग तिळाची फुलं, कारळ्याची फुलं, आणि तुमचं नाव ज्याच्यावरून आहे त्या तरवडाची. सासूबाई पहाटे बांधावर जाऊन ओटीत घेऊन यायच्या. हे मला सगळं पाठ आहे बघा.

गोदातीर दादा, मी पंधरा वर्षं हातपाय मारतेय. भोपळा अजून पाठीलाच आहे.

तर्कवाडी, तुमचं पटतंही आणि बोचतंही. सासूबाईंनी माझं पहिलं बाळंतपण स्वतः केलं, माझ्या डोक्याला तेल चोळत रात्र-रात्र बसल्या. त्यांचा दिवा मी विझवला असं मला व्हायला नको आहे. आणि खोटी पूजाही नको आहे. या दोन्हींच्या मधी अडकलेय.

माळवद
मी फारसा लिहीत नाही. आज लिहितो.

आम्ही औसा तालुक्यातले. 1993 साली मी नऊ वर्षांचा होतो. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे व्हायचं ते झालं. आमच्याकडची घरं म्हणजे दोन-अडीच हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात थंडगार. पण त्या भिंतीत आतला दगड बाहेरच्या दगडात गुंतलेला नव्हता, मधी नुसती माती भरलेली, त्यामुळं भूकंपाचा हादरा बसला की भिंत दोन्हीकडं फुटली आणि वरचं सगळं वजन माणसांवर. माझी आई आणि धाकटा भाऊ गेले. मी, वडील आणि आत्या राहिलो.

वडील भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. त्या रात्रीसुद्धा विसर्जनात वाजवला होता. त्या दिवसापासून त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही. कुणी विचारलं तर रागवायचेही नाहीत. एवढंच म्हणायचे, "नाही राहिलं बाबा." जसं विहिरीत पाणी नाही राहिलं म्हणावं तसं.

आणि माझी आत्या, जी आधी फक्त सणावारापुरती देवाला हात जोडायची, ती त्याच पत्र्याच्या शेडमधी रोज पहाटे उठून पूजा करायला लागली. देवानं तुला वाचवलं म्हणायची मला. एकाच शेडमधी, एकाच दुःखातून, एकाचा विश्वास गेला आणि एकीला आला. दोघांपैकी कुणी बसून विचार करून ठरवलं नव्हतं. मी दोघांच्या मधी झोपायचो म्हणून सांगतो.

दोघं एकमेकांना कधी बोलले नाहीत हे मला आज मोठं वाटतं. वडील सकाळी आत्याला पूजेला पाणी आणून द्यायचे. हापसा लांब होता.

तुमच्या मालकांना सांगा ताई, ठरवून येत नसतं.

गोदातीर
माळवद दादा, हात जोडतो. आपल्या वडिलांनी परत पखवाज धरला का कधी?

माळवद
नव्या गावठाणात मंदिर झालं तेव्हा मंडळाला वाजवणारा नव्हता. अकरा वर्षांनी धरला. पण म्हणाले, मी तालासाठी येतो, देवासाठी नाही, चालत असंल तर येतो. मंडळी म्हणली, या. शेवटपर्यंत वाजवला.

निळी पाटी
माळवद, तुमचं वाचून थांबलेच थोडा वेळ. आता माझ्या घरातलं सांगते, कारण ताईंनी विचारलंय ठरवून कुणी सोडलाय का. आमच्यात सोडलाय. आख्ख्या समाजानं सोडलाय.

बाबासाहेबांनी येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 ला सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि नागपुरात दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला. मधी एकवीस वर्षं. लोक म्हणतात धर्म बदलला, जसं काही सदरा बदलला. एकवीस वर्षं माणूस वाचतोय, तपासतोय, लोकांशी बोलतोय. म्हणून मी म्हणते निर्णय घेता येतो, आम्ही घेतला, आणि तो आमच्या जगण्यातला सगळ्यात मोठा निर्णय आहे. माझा आजोबा परभणीहून नागपूरला गेला होता. बावीस प्रतिज्ञा घेऊन आला, घरातले देव गोळा केले आणि नदीला सोडले.

पण माझी आजी. आजीनं पण प्रतिज्ञा घेतल्या. बुद्धवंदना तिला आमच्यापेक्षा चांगली यायची. पांढरं पातळ नेसून विहारात पहिली जाऊन बसायची. ती गेली तेव्हा आम्ही ज्वारीची कणगी रिकामी केली, तर तळाला एका चिंधीत खंडोबाचा टाक निघाला. झिजून गुळगुळीत झालेला. म्हणजे ती त्याला हात लावत होती. चाळीस वर्षं.

माझे काका भयंकर चिडले. आजोबा ओसरीवर बसले होते, ते म्हणाले, "मला म्हाईत होतं." एवढंच. मग म्हणाले, "तिच्या आईनं दिला होता तिला."

मी आंबेडकरवादी आहे, देवाधर्मावर माझा विश्वास नाही, त्यात तसूभर बदल नाही. पण तेव्हापासून कुणाच्या कणगीच्या तळाशी काय आहे हे मी विचारत नाही. आजोबानं डोक्यानं निर्णय घेतला आणि त्याचं मन पण सोबत आलं. आजीनं डोक्यानं घेतला, पायानं चालली, तोंडानं म्हणली, आणि बोटांना काही ते जमलं नाही. मी तिला खोटी म्हणणार नाही.

तरवड
निळी पाटी ताई 🙏

गणिताचा तास
मी निवृत्त शिक्षक, लातूरला गणित शिकवलं. या प्रश्नाला एक जुना गणिती येऊन भिडलाय म्हणून सांगतो. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पास्कल होऊन गेला, संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. त्याचं म्हणणं असं की देव आहे का नाही हे बुद्धीनं सिद्ध होत नाही, मग पैज लावल्यासारखा विचार करा. देव असला आणि तुम्ही मानलं तर अपार लाभ. देव नसला आणि तुम्ही मानलं तर फारसं काही गेलं नाही. तेव्हा मानणंच फायद्याचं.

पण तो हुशार होता, त्यानं पुढची अडचण ओळखली. कुणी म्हणेल, पटलं हो गणित, पण माझ्यानं विश्वासच बसत नाही, त्याचं काय? त्यावर त्याचं उत्तर म्हणजे आपल्या गोदातीर यांचा भोपळा. ज्यांचा विश्वास आहे ते करतात तसं करायला लागा, तीर्थ घ्या, प्रार्थनेला बसा, हळूहळू मन वळेल. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये आणि आज गंगाखेडला सल्ला एकच.

मला स्वतःला ते पटत नाही. वर्गात पोराला म्हटलं, उत्तर 12 आहे असं मान, तुला पेढा देतो, तर पोरगं 12 म्हणेल. पण मनात त्याला जे दिसतंय तेच दिसणार. पेढ्यानं तोंड वळतं, डोळे नाही वळत.

तर्कवाडी
सर, अगदी हेच. आणि पैजेतला देव कुठला धरायचा? त्याला त्याचा माहीत होता. आमच्या एका गल्लीत पाच आहेत.

गोदातीर
सर, आपण पेढ्याचं म्हणलात पण मी लाभासाठी नाम घ्या असं म्हणलो नाही. लाभासाठी केलेलं आमच्यात पण खालचंच मानतात. आणि सवयीनं डोळे वळतात सर. आमच्या शेतातलं ढेकूळ बघून तुम्हाला माती दिसंल, मला वापसा आहे का नाही ते दिसतं. माझे डोळे तीस वर्षं रानात राहून वळलेत.

गणिताचा तास
गोदातीर, हा मुद्दा मान्य. बघायला शिकावं लागतं हे खरं. फक्त ताईंनी पंधरा वर्षं बघून त्यांना दिसलं नाही, तर "अजून बघा" किती दिवस म्हणायचं हा प्रश्न उरतो.

नांदेडची सून
मी जरा वेगळं बोलते. नवरा म्हणतो श्रद्धा ज्याची त्याची. छान. मग नऊ दिवस अखंड दिव्यात तेल घालायला रात्री दोनला कोण उठणार? सोवळ्यात स्वैपाक कोण करणार? उठता-बसता उपास कोण धरणार? पाळी आली तर गोळ्या कोण खाणार? श्रद्धा त्यांची आणि हात आमचे. ताई, तुमच्या मालकांचा विश्वास आहे ना, मग त्यांनी घट बसवावा. देवीनं कुठं सांगितलंय की सूनच पाहिजे? आमच्याकडं मागची चार वर्षं माझे दीर बसवतात, कडाकण्या पण तेच तळतात आणि माझ्यापेक्षा चांगल्या होतात.

तरवड
दीर कडाकण्या तळतात? गूळ किती घालतात विचारून सांगा, आमच्या नेहमी मऊ पडतात.

नांदेडची सून
गुळाचं पाणी कोमट करून त्यात कणीक घट्ट भिजवतात, थोडा रवा, मोहन गरम. पातळ लाटायच्या आणि मंद आचेवर तळायच्या. गूळ जास्त झाला की मऊ पडतात. फुलोऱ्याला वेणी-फणी करायची असंल तर पीठ अजून घट्ट.

तर्कवाडी
धागा कुठून कुठं चालला 🙂 पण नांदेडच्या ताईंचा मुद्दा या सगळ्या चर्चेतला सगळ्यात महत्त्वाचा आहे. "वैयक्तिक" हा शब्द घरातला पुरुष वापरतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा "मला विचारू नकोस, पण तू कर" असा असतो.

खुलताबादचा
अस्सलाम वालेकुम, नमस्कार. मी बाहेरचा म्हणून गप होतो, पण हा प्रश्न आमच्या घरात पण झालेला आहे म्हणून लिहितो. आमचं गाव म्हणजे सुफी वल्लींचं गाव, जरजरी जरबक्षच्या उरसाला सगळ्या जातीची माणसं येतात. माझा थोरला भाऊ इंजिनिअर. त्याचं बी ताईंसारखंच झालं. अब्बांना त्यानं सरळ सांगितलं की नमाजला उभा राहतो पण आत काही होत नाही, तर उभा राहू का नको?

अब्बा शिकलेले नव्हते, टेलर होते. त्यांनी मशीन थांबवली आणि म्हणाले, बेटा, नमाजच्या आधी आपण नियत करतो. नियत तुझ्या हातात आहे. यकीन तुझ्या हातात नाही, ते द्यायचं असंल तर वरचा देईल, नाही दिलं तर ते तुझं आणि त्याचं, माझं त्यात काही नाही. तू मला फक्त एक सांग, माझ्या डरनं उभा राहतोस का? भाऊ म्हणला, हाव. अब्बा म्हणले, मग नको राहू. माझ्या डरनं राहिलास तर ती नमाज माझी झाली ना.

भावानं तीन-चार वर्षं सोडली. आता कधी जातो कधी नाही. अब्बांनी परत कधी विषय काढला नाही. ताई, मला वाटतं तुमचा प्रश्न नियत आणि यकीन यातला आहे. लोक तुमच्याकडं यकीन मागतात, आणि तुमच्याकडं द्यायला फक्त नियत आहे.

मांजराकाठची
खुलताबादचे भाऊ, तुमच्या अब्बांचं बोलणं मी वहीत लिहून ठेवलं. यकीन मागतात आणि द्यायला नियत आहे. इतक्या वर्षांत मला हे शब्दात धरता आलं नव्हतं.

काळा कोट
बीडला वकिली करतो. कायद्याचं थोडं सांगतो, कामाला येईल. संविधानाच्या कलम 25 मध्ये धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या कलमात दिलेल्या हक्कांत पहिलं आहे सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य. ते धर्माच्या आधी आलंय. न मानण्याचं स्वातंत्र्य त्यातच बसतं.

दुसरं. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं. उभी राहायची, मान द्यायची, पण त्यांच्या पंथाच्या शिकवणीमुळं गायची नाहीत. 1986 साली सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. त्यात कोर्टानं जे तपासलं ते मला फार आवडतं. ही श्रद्धा आम्हाला पटते का, हे बघायचं नाही म्हणाले. ती खरोखर मनापासून आहे का, एवढंच बघायचं. पोरांना उभं राहायला लावता येतं, पण आतून जे नाही ते तोंडातून काढायला लावता येत नाही.

अर्थात कोर्ट सरकारला थांबवू शकतं. चुलत सासूबाईंवर कुठलं कलम लागत नाही. तिथं तुम्हालाच बोलावं लागंल.

तेरणाकाठ
वकीलसाहेबांनंतर काय बोलावं, पण आमच्या तेरची गोष्ट या धाग्यावर आलीच पाहिजे. गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. काका कुंभार, त्यांनी थापटणं घेतलं आणि कुठलं मडकं पक्कं कुठलं कच्चं हे बघायला एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली. सगळे गप बसले, नामदेव चिडले. काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं आहे. ज्या नामदेवाच्या हातून विठ्ठल जेवला ते नामदेव. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले तर विसोबा पिंडीवर पाय टाकून झोपलेले. नामदेव म्हणले पाय काढा. विसोबा म्हणले, जिथं देव नाही तिथं उचलून ठेव. ठेवतील तिथं पिंड.

लोक ही गोष्ट गुरुमहिमा म्हणून सांगतात. मला त्यात दुसरं दिसतं. ज्याची श्रद्धा सगळ्यात पक्की होती त्याच्या श्रद्धेला पण धक्का बसला आणि ती बदलली. नरसीचा शिंप्याचा मुलगा पुढं पंजाबपर्यंत गेला आणि त्याची 61 पदं शिखांच्या ग्रंथात आहेत. तो त्याच जुन्या विश्वासाला चिकटून बसला असता तर? विश्वास ठेवणाऱ्यानं पण आपला विश्वास मुठीत घट्ट धरून ठेवायचा नसतो असं मला वाटतं. आणि थापटी मारायचा अधिकार गोरोबांना होता, गावातल्या सगळ्यांना नव्हता.

तर्कवाडी
तेरणाकाठ, या कथांना पुरावा काही नाही. पण शेवटचं वाक्य मान्य.

मी जरा जास्त जोरात बोललो का ताईंना, असं माळवद आणि निळी पाटी यांचं वाचल्यापासून वाटतंय. मी चळवळीत वीस वर्षं आहे. जादूटोणा विरोधी कायदा 2013 ला झाला तेव्हा गावोगाव फिरून आम्ही हेच सांगत होतो की हा कायदा देवाच्या विरोधात नाही, श्रद्धेच्या नावानं होणारी फसवणूक, मारहाण, शोषण याच्या विरोधात आहे. डॉक्टर दाभोलकरांचा 20 ऑगस्टला खून झाला आणि त्या वर्षाच्या शेवटी तो कायदा आला, त्यामुळं माझ्यासाठी हा विषय थंड डोक्यानं बोलायचा नाही. पण ताईंच्या घटात फसवणूक कुणाचीच नाही. मी त्यांना "बसवू नका" असा हुकूम सोडला, तो पण एक प्रकारे त्यांच्या नवऱ्यासारखाच झाला. तेवढा मागं घेतो. मुलीच्या गळ्यात माळ घालू नका, हे मात्र मागं घेत नाही.

निळी पाटी
👍 माळेबद्दल माझं पण तेच.

माळवद
ताई, काय ठरलं?

मांजराकाठची
उशीर झाला लिहायला, माफ करा. घट बसायच्या आदल्या दिवशी चुलत सासूबाई आल्या होत्या. नवरा पण होता. मी चहा ठेवला आणि तिथंच ओट्यापाशी उभी राहून बोलले, बसून बोलायला गेले असते तर जमलं नसतं. म्हणलं काकू, मला खोटं करायचं नाही. देवीपुढं उभी राहिले की माझ्या आत काही होत नाही, मी पंधरा वर्षं बघितलं. मी घर सारवीन, माती आणीन, धान्य पेरीन, माळा गुंफीन, कडाकण्या तळीन, कारण हे मी आईंच्या हाताखाली केलंय आणि मला ते करायचंय. पण ओटी भरणं, आरती, परडी हे माझ्याच्यानं होणार नाही. आणि पोरीच्या गळ्यात माळ कुणी घालायची नाही, हे आज सांगून ठेवते.

नवऱ्याचा चेहरा पडला. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चहात साय आली. मला वाटलं आता गावभर होतंय. मग त्या म्हणल्या, "तुझ्या सासूला ठावं होतं." मी म्हणलं काय? तर म्हणल्या, "मला म्हणायची, हिला देवीचं काही लागत नाही, पण लेकरू माझ्यासाठी रांगेत उभं ऱ्हातं. तिला काही बोलू नका म्हणायची."

मंडळी, मला पुढं काही बोलताच आलं नाही.

पूजा यंदा नवरा करतोय. उपास पण तोच धरतोय, कालपासून डोकं दुखतंय म्हणतोय. रात्री दिव्याला मी एकदा उठते, तो एकदा उठतो. परडी काकूंनी परत नेली, त्यांच्या सुनेला हौस आहे म्हणल्या, तिला मी विचारून घ्या म्हणलं. माती मी रानातून आणली, बांधाच्या कडंची, आई आणायच्या तिथलीच. खडे वेचून, चाळून पत्रावळीवर पसरली, मधी घट ठेवला, गहू, ज्वारी, हरभरा, करडई पेरली.

माझा विश्वास आला का? नाही आला. गोदातीर दादा, खरं सांगते, नाही आला. पण पंधरा वर्षांत पहिल्यांदा आरती चालू असताना मला पळून जावंसं वाटलं नाही. मी दारात उभी होते, पोरगी माझ्या कडंवर होती, आणि मी कुणाला फसवत नव्हते.

गोदातीर
ताई, नाही आला तर नाही आला. तुम्ही जे बोललात ते बोलायला जी छाती लागते तिला मी नमस्कार करतो. मी माझं नाम घेत राहीन, त्यात तुमच्या सासूबाईंचं नाव घेतलं तर चालंल का?

मांजराकाठची
चालंल दादा. त्यांना आवडलं असतं.

खुलताबादचा
अब्बांना फोनवर वाचून दाखवलं. म्हणले, त्या बाईला आमचा सलाम सांग, आणि तिच्या सासूला मोठा सलाम.

निळी पाटी
तुमच्या काकूंचं "ठावं होतं" आणि आमच्या आजोबांचं "म्हाईत होतं". मी सकाळपासून ही दोन वाक्यं घेऊन फिरतेय.

नांदेडची सून
मालकांना उपासाला भगर आणि दाण्याची आमटी द्या, डोकं थांबंल. नुसत्या चहावर राहात असतील.

तरवड
कोंब आले का?

मांजराकाठची
आज तिसरी माळ. गव्हाचे आणि ज्वारीचे आलेत, पांढरे, टाचणीएवढे. हरभरा अजून काही दिसत नाही.

तरवड
पाणी जास्त झालं असंल. हरभरा लगेच कुजतो. ओतू नका, बोटानं शिंपडा.